एका हाताने

दुपार कलल्यावर धुकं इतकं उतरलं
की येशीमबेतबाईंची काठी आधी ऐकू यायची, मग त्या दिसायच्या.
चालण्याचा तिसरा दिवस. उपासाचे दिवस.
पिशवीत मूठभर भाजलेले जव,
पाठीवर पिवळा प्लास्टिकचा कॅन, रिकामा,
मठाच्या झऱ्याचं पाणी आणायला.
कोणासाठी, ते मी घरी सांगितलं नव्हतं.
कोणी विचारलंही नव्हतं.

कड्यापाशी वाट वळते तिथे
गवत उपटल्याचा आवाज आला.
एक, मग दहा, मग सगळीकडून,
डोंगराचे केस कोणी सावकाश विंचरत असावं तसा.
धुकं जरा सरकलं,
आणि आम्ही त्यांच्या मधोमध उभ्या होतो.

चेलाडा. दोनशे तरी असतील.
बसल्या बसल्या पुढे सरकणारी, ढुंगण न उचलता,
लग्नाच्या आदल्या दिवशी भाजी निवडणाऱ्या बायकांसारखी
कामात आणि कुरबुरीत सारखीच गुंतलेली.
प्रत्येकाच्या छातीवर उघडा लाल डाग,
केसांनी सोडून दिलेली जागा.

"डोळ्यांत बघू नकोस," येशीमबेतबाई म्हणाल्या,
"आणि बसून घे. उभ्या माणसाचा भरवसा नसतो त्यांना."
एका आयाळवाल्या नराने वरचा ओठ उलटा करून नाकावर टाकला.
गुलाबी हिरड्या, लांब सुळे.
मला वाटलं हसला. मीही हसले.
"ते हसणं नव्हे, मुली."

जवाच्या बांधावर अशाग्रे होता, नऊ वर्षांचा असेल,
अंगात वडिलांचा कोट, हातात गोफण.
उपास सुटायची वेळ झालेली. मी पुडी सोडली,
चार दाणे गवतावर टाकणार, तेवढ्यात तो ओरडला,
"देऊ नका! चव लागली की माझ्या शेतात येतील."
मी पुडी परत बांधली.
मग त्याने गोफणीनेच दाखवलं:
"ती बघितलीत? कडेची?"

ती चरत होती. एका हाताने.
दुसऱ्या हातात मला आधी चिंधी वाटली.
मग चिंधीला कान दिसला.

"नऊ दिवस झाले," अशाग्रे म्हणाला.
"मी नाही मारलं. थंडीने गेलं."
आणि थोड्या वेळाने, कोणी काही विचारलं नसताना,
"माझा दगड त्या दिवशी भलतीकडेच गेला होता."

येशीमबेतबाईंनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.
मला वाटलं, आता त्याही म्हणतील
शेजारणी म्हणाल्या ते, सासू म्हणाली ते.
त्या म्हणाल्या, "जड होत असेल."
मग म्हणाल्या, "छे, हलकं होत जातं ना ते. वाळून."

आमच्यात मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी.
माझी एकसष्टाव्यापर्यंत पोचली.
एकोणीस दिवसांसाठी तिचं नाव राहिलं.
घरी म्हणायचो ते हाकेपुरतं,
लिहायचं नव्हे.

ऊन विझलं तशी ती सगळी उठली
आणि कड्यावरून खाली ओघळली,
भिंतीवरून पाणी उतरावं तशी, पिल्लं पाठीवर, पोटाशी.
ती शेवटी राहिली. काठाशी बसून
तिने चिंधी या हातातून त्या हातात घेतली,
खालच्या खडकाचा अंदाज घेतला, आणि उतरली.
मी वाकून बघितलं नाही.
अशाग्रे बघत होता. "पोचली," म्हणाला.

मठाच्या दाराशी पोचेतो रात्र झाली.
दारावरच्या साधूने वही उघडली:
कोणासाठी प्रार्थना?
मी हाकेचंच सांगितलं.
त्याने मान वर केली नाही.
आमच्या लिपीत 'स' दोन आहेत.
"यातला कोणता?" त्याने विचारलं,
आणि बॅटरीच्या उजेडात पेन टेकवून
थांबून राहिला, मी सांगेपर्यंत.