एक्केचाळिसावी फ्रेम

हैमाच्या पश्चिमेला, डांबरी रस्ता सोडून
चाळीस मिनिटं.
इथे वाळू नाही, खडी आहे; सपाट, करडी,
ताट मांडून वाढायचं राहून गेल्यासारखी.
मागच्या सीटवर बिन्सी झोपलीय
नाइट ड्यूटीचे बूटही न काढता.
"एकटी जाऊ नकोस," म्हणून सोबत आली.
ही तिची सोबत.

ट्रायपॉडचा तिसरा पाय दगडावर टेकवून
मी ध्रुव शोधते.
वीस अंशांवर सापडतो.
येवल्याच्या गच्चीवरून दिसायचा
तेवढाच वर, तेवढाच मिणमिणता.
समुद्र ओलांडून सहा वर्षं झाली
आणि या एका हिशोबात
घर बोटभरही हललेलं नाही.

दिवसा मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते.
"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."
चार भाषांत येतं मला हे.
तिथे पापणी लवायच्या आत काम होतं.
इथे दोन मिनिटांची एक फ्रेम,
अशा सत्तर,
आणि हलायचं नाही ते मी.

तिकांडं वर चढलंय.
त्याच्या भोवती एक लाल कडं आहे,
फुटक्या बांगडीसारखं अर्धं,
हात लांब करून पंजा फाकवला तर मावेल
एवढं मोठं.
लहान म्हणून दिसत नाही असं नाही,
फिकं आहे म्हणून.
त्यासाठी ही रुंद लेन्स,
रुवीच्या दुकानातून जुनी घेतलेली, कडेला ओरखडा असलेली.

पहिल्या फ्रेममध्ये काही नाही.
बाविसाव्या फ्रेममध्ये काही नाही.
अप्पा मागावरून उठत तेव्हा आम्ही विचारायचो,
आज किती झालं?
ते चार बोटं आडवी धरून दाखवायचे.
आम्हाला वाटायचं, म्हणजे काहीच नाही.

एक्केचाळिसाव्या फ्रेमला
खडी करकरली आणि सगळं पांढरं झालं.
पिकअप. मुसल्लम.
याची सहावी बरगडी मी ओळखते,
दिवाळीच्या आसपास उंटाने लाथ घातली होती.
"गाडी बिघडली का, बेटी?"
नाही, फोटो काढतेय.
"कशाचा?"
मी बोट केलं. त्याने दिवे मालवले,
मान वर करून बराच वेळ पाहिलं.
"तिथे काही नाही."
हो.
"माझ्या बरगडीला एवढा वेळ नव्हता लागला."
बरगडी जवळ होती, मी म्हटलं.

तो खाली बसला. थर्मासमधली कॉफी ओतली,
खजूर माझ्याकडे सरकवला.
दक्षिणेला तेलाच्या विहिरीचा जाळ
क्षितिजाला चाटत होता.
शेवटी मी लेन्सला झाकण लावलं
आणि पुन्हा बटण दाबलं, वीस वेळा.
"झाकण!" तो ओरडला, "झाकण काढायचं राहिलं!"
त्याला कसं सांगू,
कॅमेऱ्याच्या पोटातही एक अंधार असतो,
ठिपक्याठिपक्यांचा,
तो वेगळा काढून ठेवावा लागतो
आभाळातून वजा करायला.
एवढी अरबी मला येत नाही.
मराठीतही कुणाला सांगितलं नसतं.

शुक्रवारी खोलीचा पडदा ओढून
एकावर एक एकोणसत्तर फ्रेमा रचल्या.
विमानं पुसली गेली, उपग्रहांच्या रेघा पुसल्या गेल्या.
दुपारी तीनच्या सुमारास
करड्यातून लालसर काही वर आलं.
आधी डाग वाटला. मग वळला.
मग वळतच राहिला.
मी स्क्रीनपुढे चार बोटं आडवी धरली,
कुणी पाहत नव्हतं.

एक्केचाळिसावी संगणकाने नाकारली होती.
मी ती पुसली नाही.
पिकअपने उडवलेली धूळ आहे तिच्यात,
दिव्यांच्या झोतात लटकलेली,
कडेने सोनेरी, आत काळोख्या घड्या,
आणि मागे दोनच तारे, तेही कसेबसे.

बिन्सीला दोन्ही दाखवल्या.
चहा ढवळत तिने धुळीवर बोट ठेवलं.
"ही," म्हणाली, "ही चांगली आलीय.
याला काय म्हणतात?"