उतार एकास तीन

आधी कागदावर भिंत होती, दगडी,
आणि भिंतीवरून फिरायला आलेली माणसं,
स्टेन्सिलमधली, सगळी एकाच उंचीची.
खासनीस साहेब म्हणाले, दिवे पंधरा मीटरवर,
सातला लागतील, सहाला विझतील.
मी लिहिलं.

चैत्रात काठ मोजायला उतरलो विश्वामित्रीत.
टेपचं दुसरं टोक दलपतभाईंकडे.
ते एकदम थांबले.
"बेन, तिकडे पाय नको."
सुपाएवढी जागा, उकरून पुन्हा थापलेली.
काहीच दिसत नव्हतं, म्हणजे बघायचं तेच होतं.

खाली पाण्यात दोन ठिपके.
ती अशीच असते, ते म्हणाले, दोन महिने,
आतून पिल्लं बोलेपर्यंत.
आत नर की मादी
तेही माती किती तापते त्यावर.

माझ्या तक्त्यात दगड होता. दगड दुपारी तापतो
आणि रात्री उशिरापर्यंत विसरत नाही.

घरी येऊन खोडरबर घेतला.
भिंत तिथे तोडली, नुसती माती ठेवली,
उतार एकास तीन, पोटावर चढता येईल असा.
पायवाट चिंचेमागून नेली.
दिव्यांच्या तक्त्यात "वेळ" या रकान्याशेजारी
"महिना" असा एक नवा रकाना आखला:
चैत्र ते ज्येष्ठ, बंद.
वाट बघणं छेदात कसं दाखवतात
हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
तिथे मी तुटक रेघ ओढली.

मी चाळीस मीटर मागितले होते.
बावीस मिळाले.
सकाळच्या योगवाल्यांचा अर्ज आला, अंधाराबद्दल.
त्यांचंही खोटं नव्हतं.
साहेबांनी सही केली, वर न बघता,
आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
पुढचं वर्ष म्हणजे कुणाचं, हे विचारायचं राहिलं.

ज्येष्ठातल्या एका रात्री चिंचेखाली उभे होतो.
मला काहीच ऐकू आलं नाही.
दलपतभाईंनी माझा दंड धरला.
पाण्यावरचे ठिपके हलले,
मग काठाची माती घासल्याचा आवाज,
जड, अजिबात घाई नसलेला.

किती वाजले म्हणून सवयीनं मनगट वर केलं.
दिसेना.
दिवे मीच बंद ठेवले होते.