उतरण्याची जागा

ट्रॉनहाइममध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
होकोनने पाठवलेला बदल मी तेव्हा उघडला.
पडताळणीने तो परत केला होता, एका ओळीत,
नेहमीच्या कोरड्या सुरात:
लँडिंगपॅड ब्लॉकच्या तोंडाशीच हवा.
त्याने त्याच्या आधी एक बेरीज घातली होती.

"एका बेरजेने काय बिघडतं, इंगुन?"
सव्वीस वर्षांचा आहे. खुर्चीवर उलटा बसतो.

हे बघ, मी म्हटलं,
साधा कॉल गेला की परत येणार, असं आपण धरून चालतो.
इन्व्होक तसं धरत नाही.
निघतानाच दोन पत्ते देऊन ठेवतो:
नीट परतलो तर इथे,
कोसळत आलो तर तिथे.
आणि त्या तिथे चालत जाता येत नाही.
कुठल्या आडवाटेनं नाही, चुकूनही नाही.
तिथे फक्त कोसळतच यायचं.
म्हणून पाय टेकायच्या आधी तिथे काही नको.
फाय तेवढे चालतील.
ते काही करत नाहीत,
फक्त विचारतात, कुठून आलास?

ओडवार, माझे वडील,
क्रिस्तियानसुंदपासून तासाभराच्या उड्डाणावर
तेलाच्या प्लॅटफॉर्मवर डेकचे मुकादम होते.
हिरवा रंग, पांढरं वर्तुळ, मधोमध एच.
हेलिकॉप्टर यायच्या आधी ते सगळा पॅड चालून बघत.
पाना नको, दोरी नको, कागदाचा कपटा नको.
"एका हातमोज्याने काय होतंय?" कुणी म्हणालं
तर उत्तर देत नसत.
वाकून हातमोजा उचलत.

एका फेब्रुवारीत एक हेलिकॉप्टर आलंच नाही.
मी नऊ वर्षांची.
ते पहाटेपर्यंत वाऱ्यात उभे राहिले,
मग नळ्या गुंडाळल्या, फोमचा व्हॉल्व्ह बंद केला,
दिवे एकेक मालवले,
वहीत वेळ लिहिली, सही केली,
आणि पाळी संपल्यावर घरी आले.
आईने विचारलं.
"ठीक आहे," म्हणाले.

"पण क्लीनअप तर केलाय मी," होकोन म्हणाला,
"फाइल बंद, कुलूप मोकळं. अजून काय?"
आवरलं म्हणजे पकडलं नव्हे, बाळा.
आवरून झालं की शेवटी रिझ्यूम लिहायचं.
आपल्याला न पेलणारं वर जाऊ द्यायचं,
वरच्या कुणाकडे तरी त्याचं नाव लिहिलेलं असेल.
नसेलही.
पण वाट आपण अडवायची नाही.

काही फंक्शनांवर शिक्का असतो:
इथून काहीही उसळणार नाही.
ऑप्टिमायझर भाबडा. शिक्क्यावर विश्वास ठेवतो,
कोसळण्याची वाट पुसून टाकतो,
पुढचा लँडिंगपॅडही, कारण तिथे आता कोण येणार?
कोड आटोपशीर होतो. वेगवान होतो.
आम्हीही तेच केलं.
तीस वर्षं आमचं घर छान चाललं.

मग मागच्या ईस्टरला, कॉफी ओतता ओतता,
वडील थांबले
आणि सात नावं म्हणाले.
एकामागून एक, आडनावांसकट.
कॉफी कपाबाहेर गेली, टेबलक्लॉथवर पसरली.
आई, मी, माझा भाऊ आय्विन,
कुणाकडेच ती नावं उतरवून घ्यायला जागा नव्हती.
आय्विनने फडकं आणलं.
मी म्हटलं, केक घ्या ना अजून.

अशा वेळी काय होतं, याचं नियमांत उत्तर नाही.
तिथे एवढंच लिहिलंय:
वर्तन अनिश्चित.

होकोनने बेरीज खाली ओढली, लँडिंगपॅडच्या पाठी.
पुन्हा चालवलं.
पडताळणी समाधानी असली की काहीच बोलत नाही.
त्याने जॅकेट चढवलं, विचारलं, "येतेस का? बस आहे पाचला."
पुढे हो, म्हटलं.

मग टेबलावरचं सगळं बाजूला सारलं,
कप, कागद, हातमोजे,
कोपऱ्यातलं एक सुटं बटण,
तेसुद्धा उचललं,
आणि वडिलांना फोन लावला.