अकरा मिनिटं

डॉक्टर हुओटारी स्कीवरून आले
तेव्हा कुह्मोत उणे एकतीस होतं.
दारातच त्यांनी हात पुढे केला माझ्या भावाला,
मोठ्या माणसापुढे करावा तसा,
आणि वेइक्कोनं तो धरला.
मग सुटेना.

आम्हाला सवय होती.
बादलीची कडी, गाईचं दावं, कुऱ्हाडीचा दांडा,
थंडीत जे हाती येई
ते त्याच्या हातातच राही.
बाबा म्हणायचे, कार्टं हट्टी आहे,
आणि पट्टा काढायचे.

डॉक्टरांनी ओढलं नाही.
डाव्या हातानं खिशातलं घड्याळ चाचपून काढलं,
बाकावर टेकले.
बुटांवरचा बर्फ वितळून फळ्यांत मुरत राहिला.
"गाई किती तुमच्या?"
हेलुना, वेइक्को म्हणाला. ओमेना.
आणि एक शिंगमोडकी, तिला नाव नाही.
ती लाथ कशी मारते तेही सांगितलं, सविस्तर.
आधी करंगळी सैल झाली.
अंगठा सर्वांत शेवटी.

मग ते आईकडे वळले: "तुमचा हात बघू?"

आईचे हात एप्रनखाली होते.
हिवाळाभर तिथंच असत.
चर्चच्या दारात ती कुणाच्या हातात हात देत नसे,
गाव म्हणे, फार ताठा.
झाकली मूठ.
बाबा त्या एप्रनकडे बघत राहिले,
सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बघितल्यासारखे.
पट्टा खुंटीवर गेला. त्याबद्दल पुढे कुणी बोललं नाही.

हेलसिंकीच्या नियतकालिकात आम्ही छापून आलो:
रुग्ण चौथा, मुलगा, वय नऊ.
पकड सुटण्यास लागलेला वेळ, अकरा मिनिटं.
खाली वंशावळ, पाद्र्याच्या वहीतून काढलेली,
पाच पिढ्या, काळे चौकोन, काळी वर्तुळं.
जाळ्याचा दोर सोडला नाही म्हणून
बर्फाखाली गेलेला आईचा आजा,
ज्याला सगळे लोभी म्हणत,
तोही एक काळा चौकोन.
गाई त्यात नाहीत.

आता औलूच्या इस्पितळात
तरुण डॉक्टरीण स्क्रीनवरून नजर न काढता सांगते,
"हुओटारी आहे,"
बाहेर पाऊस आहे म्हणावं तसं.
वेइक्कोच्या नातीला गोळ्या लिहून देते. गोळ्या चांगल्या आहेत.

पार्किंगमध्ये वारा.
माझी बाही पोरीच्या मुठीत अडकलेली.
"हुओटारी कोण गं?"

गाडीची किल्ली माझ्या दुसऱ्या खिशात,
तिथवर हात पोचत नाही.
मी गाईंपासून सुरुवात करते.