इतिवृत्त कायम करणे

मी लिहिते. मला बोलायची परवानगी नाही.
पुंता अरेनासच्या नगरसभेत अठरा वर्षं
डावीकडच्या टेबलाशी बसून
इतरांचं बोलणं लिहिते.
सामुद्रधुनीवरचा वारा छताचे पत्रे उचकटत असतो
तेव्हाही माझ्या ओळी सरळ असतात.

विषय क्रमांक सात:
महिला निवारागृहात पाळीव प्राण्यांना प्रवेश देणेबाबत.
प्रत्येकी तीन मिनिटं.

नेलिदा बार्रिया उठली, कोट न काढता.
म्हणाली, मी त्याचं घर तीनदा सोडलं
आणि तिन्ही वेळा परत गेले.
तुमच्या दारावर पाटी आहे ना.
पहिल्या खेपेला तिस्नेला शेजारी ठेवला.
यानं तो शेजाऱ्यांकडून मागून आणला
आणि मला फोन लावला.
बोलला काहीच नाही.
नुसता फोन कुत्र्याजवळ धरला.

केकाटण्याला आमच्या नमुन्यात रकाना नाही.
मी लिहिलं: अर्जदाराने पूर्वानुभव कथन केला.

मग विधी सल्लागार उभे राहिले.
कायद्याने कुत्रा ही जंगम मालमत्ता,
शिलाई मशीन, फ्रीज, होडी यांच्याच ओळीत.
लसीचा दाखला पतीच्या नावे असेल
तर कुत्रा पतीचा.
जंगम. शब्द मला आवडतो, खोटं कशाला बोलू.
आपल्या पायांनी चालतं ते जंगम.
पण होडीला कुणाची पावलं ओळखू येत नाहीत,
आणि फोनवर ऐकवण्यासाठी
कुणी शिलाई मशीनचा पाय मोडत नाही.
हे मी लिहिलं नाही. हे कुणी म्हणालंच नव्हतं.

सदस्य युत्रोनिच म्हणाले,
आज कुत्रा, उद्या कुणी घोडा घेऊन येईल.
हशा.
हशा लिहायचा असतो, तसा नियम आहे.
नेलिदा म्हणाली, घोडा असता
तर त्याच्यावर बसून केव्हाच गेले असते.
पुन्हा हशा.
दोन्ही मी एकाच अक्षरात लिहिले.
दोन्ही एक नव्हते.

मासळीबाजारातल्या बायका मागे उभ्या होत्या.
सह्यांचे कागद त्यांनी खेकड्यांच्या खोक्यातून आणलेले,
वर खारट डाग, काही नावं विरघळलेली.
सचिवांनी खोकं दोन बोटांनी टेबलावर सरकवलं.
अकराशे सात सह्या. मी मोजल्या. नखांना वास राहिला.

मतदान: चार विरुद्ध तीन.
ठराव मंजूर,
निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे.
या चार शब्दांत बुडालेला
एक पूल आणि दोन दवाखाने
मी स्वतःच्या हातानं लिहिलेत.

आडदांड ओतिलिया मान्सिया मागून ओरडली,
निधी येईपर्यंत माझी जाळ्यांची खोली आहे, शेगडीसकट!
वेळ संपली होती. नोंद घेतली नाही.

एक सांगायचं राहिलं.
पहारेकरी सेगुंदोनं नियम मोडून
कुत्र्याला वाऱ्यातून आत घेतलं होतं.
सबंध विषय सात तो माझ्या टेबलाखाली होता.
काजळीसारखा काळा, म्हणून तर तिस्ने.
मागचा एक पाय दुमडत नव्हता,
तो तसाच सरळ पसरून
हनुवटी माझ्या बुटावर ठेवून पडलेला.
पाय बधिर झाला, मी हलवला नाही.
घरी जाऊन इतिवृत्त स्वच्छ उतरवलं
आणि उपस्थितांच्या यादीत, अगदी शेवटी,
पदनामाचा रकाना कोरा सोडून
लिहिलं: तिस्ने.

पुढचा गुरुवार. विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
सचिव वाचता वाचता थांबले. चष्मा काढला.
हे कोण?
अठरा वर्षांत पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते
आणि मला तर बोलायची परवानगी नाही.

होता की, युत्रोनिच म्हणाले,
वर न बघता.
माझ्या बुटाची नाडी खाल्ली त्यानं.

दुरुस्ती कुणी सुचवली नाही.
इतिवृत्त कायम.

निधीचं पत्र अजून आलेलं नाही.
जाळ्यांच्या खोलीत सध्या दोन बायका, एक मूल,
तिस्ने, आणि कुणाचं तरी बिनशेपटीचं मांजर
जे कुणालाच हात लावू देत नाही.