पानांचे ओठ

मंगळवार बाजारातली दहा रुपयांची नेलपॉलिश,
रंग नसलेली.
मी ती नखांना नाही, करंजाच्या पानांना लावते,
खालच्या अंगानं.
वाळली की चिकटपट्टीनं सोलायची, काचेवर डकवायची.
भिंगाखाली ओठ दिसतात,
पानानं श्वासापुरते उघडे ठेवलेले.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक पिवळा कागद आहे:
करंज, होटगी रोड, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
त्या पानावर एका चौकोनात ओठ एकशे ब्याण्णव.
त्याच रस्त्यावरच्या आजच्या पानावर एकशे एकोणपन्नास,
आणि त्यातल्या कितीकांत सिमेंटची पूड.
बुजलेले धरायचे का, मी विचारलं.

धर, चिलवेरी मॅडम म्हणाल्या.
हवेत कार्बन वाढला, थोडक्यात पोट भरतं,
मग झाड दारं कमी ठेवतं.
म्हणजे बरंच की, मी म्हटलं.
त्यांनी पुन्हा मोजायला लावलं.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन.
चाळीस वर्षं, रोजच्या हजार विड्या.
तेंदूचं एक पान दिव्यासमोर धरून म्हणाली,
"लई थोराड झालीत बघ पानं अलीकडं.
पण भिजवूनसुद्धा तडकायलीत.
अंग आलंय, कस न्हाई."

हे मी वहीत लिहिलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?

सकाळी डालड्याच्या डब्यातली जास्वंद
ओल्या फडक्यानं पुसत होते,
एकेक पान उलटं करून.
अम्मा दारातून बघत होती.
"वरनं पूस की," म्हणाली,
"खालनं कोण बघतंय?"