हुक

बाबालाल मुल्लाणी आधी गाडीला हात लावत नाही.
लांबूनच बघतो,
बाजारात म्हैस बघावी तसं.
मग वाकतो, चासी नंबरावर
थुंकी लावून अंगठा फिरवतो.
"पासिंग?"
दिवाळीत संपतंय. पंधरा वर्षं झाली.
"मग दोन हजार तिथंच गेले."

किक मारतो. सायलेन्सरमागं तळवा धरतो,
हुंगतो.
"इंजिन खोललेलं न्हाई. ह्याचं देतो मी."
आणि बोट ठेवतो नेमकं तिथं,
जिथं दुधाच्या कॅनचे हुक होते.
परवाच कापून घेतले, उद्यमनगरातच,
वर काळा रंग. तीनशे रुपये.
"नवा रंग दिसला की गिऱ्हाईक इचारतंय,
काय दडवलंय?"

मी काय बोलणार.
वडणग्याहून गंगावेशीपर्यंत
पहाटेचा प्रत्येक खड्डा ह्या गाडीला पाठ आहे,
त्याचा रकाना त्याच्या वहीत नाही.

तेवढ्यात एक पोरगं येतं, नुकतं मिसरूड फुटलेलं.
मीटर बघत नाही, टायर बघत नाही,
मागं जाऊन उकिडवं बसतं.
"मामा, ह्याला हुक न्हाईत व्हय?"

बाबालाल माझ्याकडं बघतो.
मी रस्त्याकडं.

घरी गोठ्यात पडलेत दोन्ही,
एकाला रेडकाचं दावं अडकवलंय.
वेल्डिंगचे किती घेतील?